पात्राला शहाणं राहू द्या: संवादी कथेतलं ओढूनताणून आणलेलं नाट्य कसं ओळखायचं आणि कसं काढायचं

संवादी कथा म्हणजे पुढे काय करायचं ते वाचकच ठरवतो अशी, पडद्यावर वाचायची कथा. पडद्यावर दोन पर्याय असतात आणि वाचकाच्या मनात तिसराच असतो. "अरे, तिला सरळ विचार ना!" पण विचारायची सोयच यादीत नसते. एक तर भांडायचं, नाहीतर निघून जायचं. वाचक नाइलाजाने काहीतरी निवडतो, आणि त्या क्षणापासून तो पात्राबरोबर नसतो. तो लेखकाकडे संशयाने बघत असतो.

साध्या कादंबरीत असा प्रसंग आला तर वाचक चुकचुकतो आणि पान उलटतो. पात्र मूर्खपणा करतं तेव्हा तो पात्राचा असतो. संवादी कथेत तोच मूर्खपणा वाचकाला स्वतःच्या हाताने करायला लावलेला असतो, म्हणून इथे बनाव दुप्पट टोचतो. माझ्या अनुभवात अशी कथा सुधारायला नवे प्रसंग किंवा नवे शेवट लागत नाहीत. पात्रांना त्यांची अक्कल परत द्यावी लागते, आणि मग तरीही संघर्ष उरतो का, हे तपासावं लागतं. ते कसं करायचं, हे मी एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरण माझ्याच एका कथेच्या पहिल्या खर्ड्यातलं आहे.

कथा अशी. वडिलांचा जुना छापखाना. मोठी मुलगी उषा तो चालवते, धाकटा नंदन बाहेर शिकतो. वाचक नंदन आहे. सुट्टीत घरी आल्यावर त्याला उषाच्या टेबलावर छापखान्याच्या विक्रीचा करार दिसतो, खाली तिची सही. माझ्या खर्ड्यात इथे दोन पर्याय होते: "कागद फाडून टाक" आणि "काही न बोलता घराबाहेर पड". पुढची पाच प्रकरणं या गैरसमजावर उभी होती. शेवटी कळायचं की वडील एका मित्राला जामीन राहिले होते, कर्ज थकलं, छापखाना आधीच गहाण पडला होता आणि उषाला विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ज्याला मी हे पहिल्यांदा वाचायला दिलं, त्याने दुसऱ्याच पडद्यावर विचारलं, "मी ताईला विचारू का शकत नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं उत्तर एवढंच होतं की विचारलं तर माझी कथा संपेल.

आधी शहाणी वाट लिहा

म्हणून पहिली पायरी ही. पर्याय लिहायच्या आधी तो प्रसंग सलग लिहून काढा. त्यात प्रत्येक पात्र त्या क्षणी त्याला जे माहीत आहे त्यावरून शक्य तितकं समंजस वागेल. मी याला शहाणी वाट म्हणतो. शंका आली तर पात्र विचारेल, दार बंद असेल तर ठोठावेल, धोका असेल तर मदतीला कोणाला तरी बोलावेल. मग बघा, कथा जिवंत राहते का?

ती तिथेच संपली तर संघर्ष खरा नव्हता, एका न बोललेल्या वाक्यावर तोललेला होता. अशा वेळी शहाणी वाट बुजवायचा मोह होतो. फोन ऐनवेळी बंद पडतो, ताई सांगायला तोंड उघडते आणि कोणीतरी दार वाजवतं, नंदन "मला काही ऐकायचं नाही" म्हणत तरातरा निघून जातो. हे सगळे अडथळे बाहेरून आणलेले आहेत, आणि वाचकाला ते लगेच कळतात, कारण ते फक्त लेखकाच्या उपयोगाचे असतात.

वाट उघडी ठेवा आणि तिच्यावरून चालण्याची किंमत शोधा. बोलणं महाग का आहे? माझ्या पाहण्यात चार खरी कारणं आहेत. बोललं तर काहीतरी गमवावं लागतं. गुपित बोलणाऱ्याचं नसतंच, तिसऱ्याचं असतं. बोललं तरी समोरचा विश्वास ठेवणार नाही, आणि त्यालाही त्याची कारणं असतात. किंवा बोलणाऱ्यालाच अजून नीट उमगलेलं नसतं. पाचवं कारण सुचलं तर आनंद आहे, फक्त ते पात्राच्या आतून यायला हवं.

उषाच्या बाबतीत मी दुसरं घेतलं. गुपित वडिलांचं. त्यांना भीती ही की नंदनला कर्जाचं कळलं तर तो शिक्षण सोडून परत येईल. ही भीती खोटी नाही, कारण नंदन खरंच आला असता. तो तसाच आहे. आता तोच प्रसंग, विचारायचा पर्याय सगळ्यात वर ठेवून:

"ताई, ही सही तुझी आहे?"

उषा चष्मा काढते, पदराने पुसते, परत लावते. "माझीच आहे."

"मला न विचारता?"

"हो. आणि का, ते आज सांगणार नाही. बाबांना शब्द दिलाय."

प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, उत्तर खरं होतं, आणि कथा संपली नाही. उलट आता नंदनपुढे खऱ्या वाटा आहेत. वडिलांकडे जाऊन विचारायचं, म्हणजे ताईने शब्द मोडला असं त्यांना वाटण्याचा धोका. ताईला आणखी खोदायचं, म्हणजे तिला शब्द मोडायला लावायचं. किंवा तिच्यावर विश्वास ठेवून गप्प बसायचं आणि न कळण्याचा त्रास सोसायचा. तिन्ही शहाण्या माणसाला सुचतील अशा, आणि तिन्हींत काहीतरी हातचं जातं. जुन्या खर्ड्यातली पाच प्रकरणं मी टाकून दिली. त्यांची गरजच उरली नव्हती.

प्रत्येक पात्रासाठी चार ओळी

मोठमोठी व्यक्तिचित्रं लिहून ठेवायचा मी कंटाळा करत नाही, पण लिहिताना ती कामाला येत नाहीत. डोळ्यांसमोर राहतील अशा चार ओळी पुरतात: याला काय हवंय, याला काय माहीत आहे, हा काय कधीच करणार नाही, आणि हा कोणावर विश्वास टाकतो. तिसरी ओळ सगळ्यात मोलाची. उषा दिलेला शब्द मोडणार नाही, हे ठरलं तेव्हाच वरचा संवाद सापडला. नंदन दुसऱ्याचं पत्र उघडणार नाही, असं ठरलं तर तो पर्याय यादीतून जातो.

पण जायच्या आधी वाचकाला ते दिसलेलं हवं. पहिल्या प्रकरणात नंदन टपालातलं ताईच्या नावाचं पाकीट न फोडता तिच्या हातात देतो, एवढं पुरे. मग पुढे पत्र फोडायचा पर्याय दिसला नाही तरी वाचकाला अडवल्यासारखं वाटत नाही. काही लेखक असा पर्याय दाखवतात, पण पुसट करून, निवडता येणार नाही असा. ते परिणामकारक ठरू शकतं, मात्र एका कथेत एकदा किंवा फार तर दोनदा.

कोणाला काय माहीत, याचा तक्ता

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा वाचवते. एका कागदावर डावीकडे खाली खाली गुपितं लिहा: विक्री, गहाण, जामीन, वडिलांना दिलेला शब्द. वर आडवी पात्रं. प्रत्येक चौकटीत "माहीत", "माहीत नाही", "संशय" यांपैकी एक आणि कोणत्या प्रसंगापासून ते. सलग कथेत हा तक्ता एकदा भरला की झाला. संवादी कथेत वाचकाच्या निवडीप्रमाणे कथेला वेगवेगळ्या फांद्या फुटतात, म्हणून काही चौकटींत चौथा शब्द येतो: "फांदीवर अवलंबून".

त्या चौकटींभोवती लाल गोल करा, कारण बनाव तिथूनच शिरतो. माझ्या कथेत नंदन वडिलांकडे गेला तर त्याला गहाणाचं कळतं, नाही गेला तर कळत नाही. पुढे दोन्ही फांद्या एकत्र येतात आणि उषा सांगते, "छापखाना गहाण होता." पहिल्या फांदीवरचा नंदन इथे दचकला तर वाचक हसतो. त्याला हे तीन पडद्यांपूर्वीच कळलेलं असतं.

प्रत्येक लाल गोलासाठी एक व्हेरिएबल, म्हणजे काय घडलं ते लक्षात ठेवणारी नोंद, आणि ती गोष्ट जिथे जिथे उच्चारली जाते तिथे तिथे त्याची तपासणी. साधनं यात मदत करतात. इंक या संवादी कथा लिहायच्या भाषेत कथेचा प्रत्येक भाग वाचकाने किती वेळा पाहिला याची मोजदाद आपोआप ठेवली जाते, त्यामुळे "नंदन वडिलांच्या खोलीत गेला होता का" हे वेगळं नोंदवावं लागत नाही. ट्वाइन या दुसऱ्या साधनाच्या शुगरक्यूब फॉर्मॅटमध्ये व्हिजिटेड ही तयार आज्ञा हेच काम करते. पण खोलीत जाणं वेगळं आणि गुपित कळणं वेगळं. खोलीत जाऊनही नंदन न विचारता परतू शकतो. जे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे तेच नोंदवा.

पर्याय लिहिताना

तीन पर्याय म्हणजे तीन वेगळी माणसं नव्हेत. एक सोज्वळ, एक उर्मट, एक विनोदी, अशी ठरलेली त्रिकूटं फार दिसतात. मग वाचक एका पडद्यावर साधू आणि पुढच्या पडद्यावर गुंड होतो, आणि पात्र कुठेच उरत नाही. तिन्ही पर्याय एकाच नंदनच्या मनात एकाच वेळी येतील असे हवेत. फरक हवा तो त्याने कशाला आधी मान दिला यात: ताईला, वडिलांना की स्वतःच्या शांतीला.

पर्यायाच्या शब्दांतून हेतू कळू द्या. "ताईला सुनाव" असं लिहिलं, वाचकाला दोन कडक वाक्यं अपेक्षित होती, आणि पुढच्या पडद्यावर नंदनने शाईची बाटली भिंतीवर फेकली, तर वाचकाची फसवणूक झाली. परिणाम अनपेक्षित असला तरी चालेल, आयुष्यातही असतो. कृती मात्र निवडली तीच घडायला हवी. नंदन कडक बोलला आणि उषा अनपेक्षितपणे रडायला लागली, हे न्याय्य आहे.

ज्या कथेत वाचक स्वतः आज्ञा टाइप करतो, तिथे हीच अडचण वेगळ्या रूपात येते. तिथे यादी नसल्यामुळे पर्याय लपवता येत नाही. वाचक "उषाला सहीबद्दल विचार" असं टाइप करणारच. त्यावर "आत्ता ते नको" असं कोरडं उत्तर आलं तर बनाव उघडा पडतो. नकार द्यायचाच असेल तर तो पात्राच्या आवाजात आणि कारणासकट द्या.

आणि अवघड निवडीबद्दल. दोघांपैकी एकालाच वाचवा, असा पेच लिहायला सोपा आणि पटवायला फार कठीण असतो. वाचक लगेच तिसरी वाट शोधतो: दोर टाका, ओरडा, दोघांनाही थोडं थोडं ओढा. अशा पेचाखाली मी स्वतः पाच तिसऱ्या वाटा लिहून काढतो. ज्या खरंच शक्य आहेत त्यांतली निदान एक पर्याय म्हणून देतो. ती फसली तर का फसली ते दिसतं. ती जमली तर तिची वेगळी किंमत असते. पाचही वाटा सहज जमत असतील तर तो पेच टिकणारा नव्हता, आणि मी तो काढून टाकतो.

समोरच्या पात्राचीही निवड असते

वाचकाच्या पर्यायांवर आपण इतकी मेहनत घेतो की इतर पात्रं कळसूत्री बाहुल्या होतात. सगळ्यात ढोबळ उदाहरण म्हणजे ठरलेला विश्वासघात. वाचक मित्राशी कसाही वागला तरी सातव्या प्रकरणात मित्र उलटतोच. ज्याने सहा प्रकरणं त्याला जपलं, त्या वाचकाला ही थप्पड वाटते.

इथे बऱ्याच कथा "विश्वास" नावाचा एक आकडा ठेवतात. मला तो एकट्याने पुरेसा वाटत नाही. रोज गोड बोलून पाच पाच गुण वाढवायचे, मग एकदा जिवावर बेतेल असं खोटं बोलून वीस घालवायचे, आणि हिशेब जमेत. माणसं असा हिशेब ठेवत नाहीत. चॉइसस्क्रिप्ट या अशाच आणखी एका भाषेत टक्केवारीचं एक चांगलं गणित आहे, वाढ शंभरपर्यंत उरलेल्या अंतरावर मोजली जाते: 50 वर 20 टक्के वाढ दिली तर 60 होतात, पण 90 वर तीच वाढ दिली तर 92 च होतात, म्हणजे टोकाकडे जाणं अवघड होत जातं. तरीही तो आकडाच. मी आकड्याच्या जोडीला नेमकी कृत्यं नोंदवतो: "नंदनने शब्द मोडायला लावला", "नंदन न विचारता थांबला". मग उषा नंतर म्हणू शकते, "त्या दिवशी तू थांबलास. म्हणून आज सांगते." असं एक वाक्य, पडद्याच्या कोपऱ्यात येणाऱ्या "हे तिच्या लक्षात राहील" या सूचनेपेक्षा कितीतरी खरं वाटतं.

विश्वासघात सगळ्या फांद्यांवर हवाच असेल तर त्याचं कारण वाचकाच्या वागण्याबाहेर ठेवा आणि ते आधीपासून दिसू द्या. मित्राचं मूल दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर वाचक कितीही चांगला वागला तरी तो उलटेल. फक्त चांगल्या वागलेल्या वाचकासमोर तो मान खाली घालून उलटेल, आणि कदाचित एक दार उघडं ठेवून जाईल.

संवादी कथेत एका पात्राने स्वतः घेतलेल्या निर्णयाचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण जुनं आहे, 1983 साली इन्फोकॉम या कंपनीने काढलेल्या "प्लॅनेटफॉल" या आज्ञा टाइप करायच्या कथेतलं. त्यात फ्लॉइड नावाचा खेळकर, लहान मुलासारखा रोबो वाचकाच्या मागेमागे फिरत असतो. पुढे भयंकर प्राण्यांनी भरलेल्या प्रयोगशाळेतून एक कार्ड आणायचं असतं, आणि आत जायची तयारी फ्लॉइड स्वतः दाखवतो. दार उघडायचं, तो आत गेला की लावून घ्यायचं, त्याने ठोठावलं की पुन्हा उघडायचं, हे सगळं वाचकाला स्वतः टाइप करावं लागतं. फ्लॉइड कार्ड घेऊन येतो आणि वाचकाच्या जवळ मरतो. वाचकाला इथे दुसरी वाट नाही, तरी बनाव वाटत नाही. फ्लॉइड आधीपासून असाच होता, निर्णय त्याचा होता, आणि दार लावणारे हात वाचकाचे होते.

फांद्या जुळतात तिथे

प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय, अशा दहा पायऱ्या, आणि एकही फांदी परत जुळवली नाही, तर शेवटी 1024 शेवट आणि सुरुवातीचा धरून 2047 पडदे लिहावे लागतात. ते कोणी लिहीत नाही, म्हणून फांद्या जुळवाव्या लागतात. यात लबाडी नाही. लबाडी होते ती जुळवण्यासाठी पात्राला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावलं की.

माझा नियम: घटना एक ठेवा, अर्थ वेगळे ठेवा. माझ्या कथेत छापखाना सगळ्या फांद्यांवर विकला जातो. ते कर्जाच्या मुदतीने ठरलं आहे, नंदनच्या हातात नाही, आणि हे वाचकाला मध्यावर कळलेलं असतं. पण शेवटच्या दिवशी यंत्र बंद करताना खोलीत कोण आहे, हे फांदीगणिक बदलतं. एका फांदीवर नंदन आणि वडील दोघं मिळून शेवटचा कागद छापतात. दुसऱ्या फांदीवर उषा एकटीच असते आणि नंदनला नंतर फक्त किल्ली मिळते. विक्री तीच.

योगायोगाबद्दल थोडक्यात. योगायोगाने गोष्ट बिघडली तर वाचक मान्य करतो, सुटली तर नाही. संवादी कथेत आणखी एक पथ्य आहे: वाचकाने विचार करून टाळलेलं संकट योगायोगाने परत आणू नका. त्याने करार कपाटात कुलूपबंद केला असेल, तर पुढच्या पडद्यावर तो वडिलांच्या हाती लागता कामा नये. घाईचंही तसंच. "दहा मिनिटंच उरली आहेत" असं म्हणाल, तर रेंगाळणाऱ्याला खरोखर उशीर होऊ द्या, नाहीतर घड्याळ काढून टाका.

वाचकाशेजारी गप्प बसा

लिहून झालं की तीन-चार जणांना कथा तुमच्यासमोर वाचायला द्या आणि मध्ये बोलू नका. समजावून सांगायची फार उबळ येते, ती आवरा. वाचक कुठे थांबतो, कुठे माउस दोन पर्यायांमध्ये फिरत राहतो, कुठे "हं?" म्हणतो, ते टिपा. प्रत्येक थांब्याबद्दल नंतर एकच प्रश्न विचारा: "इथे तुला काय करावंसं वाटलं, जे यादीत नव्हतं?" दोघांनी एकच उत्तर दिलं तर तो पर्याय लिहायलाच हवा. त्याने कथा मोडत असेल तर शहाण्या वाटेच्या पायरीवर परत या.

सगळ्यात शेवटी मी एक फांदी निवडतो आणि त्या फांदीवरची एकाच पात्राची वाक्यं ओळीने मोठ्याने वाचतो, बाकी सगळं गाळून. मग दुसरी फांदी. उषाची वाक्यं अशी वाचताना एका फांदीवर ती नंदनला म्हणत होती, "तुला मी तेव्हाच सांगितलं होतं ना." त्या फांदीवर तिने त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं, त्याने विचारलंच नव्हतं. मी तिथे एक तपासणी घातली आणि न विचारणाऱ्या नंदनसाठी वाक्य बदललं: "तू विचारशील म्हणून मी दोन दिवस वाट बघितली."